इंजिनाचे झाकण

मोटारसायकल तुम्ही रोज पाहता. तिचा दिवा, तिची टाकी, तिचे आरसे तुम्हांला ओळखीचे असतात. पण कधी खाली वाकून तिच्या इंजिनाच्या दोन्ही बाजू निरखून पाहिल्या आहेत का? दोन्हीकडे पसरट, गोलसर, फुगीर असे धातूचे एकेक झाकण दिसते. त्याच्या कडेने आठ-दहा बोल्ट बसवलेले असतात. कित्येकांना वाटते, की इंजिन छान दिसावे म्हणून हे झाकण लावले आहे. पण तसे मुळीच नाही. हे झाकण फुटले, तर नव्या गाडीचे इंजिनही काही किलोमीटरांत निकामी होऊ शकते. गाडी पडून या झाकणाला तडा गेला तर काय करावे आणि काय करू नये, ते या पाठात आपण पाहू. त्यासाठी आपल्याला थोडे दूर, अरबस्तानाच्या किनाऱ्याजवळच्या एका लहानशा देशात जायचे आहे.

इराणच्या आखातात बहरीन हा बेटांचा देश आहे. मनामा ही त्याची राजधानी. मनामाच्या दक्षिणेला, तुबली नावाच्या उपसागराच्या काठी सनद हे गाव वसले आहे. आता ते आजूबाजूच्या वस्तीत मिसळून शहराचाच एक भाग झाले आहे. नोकरीधंद्यासाठी भारतातून बहरीनला गेलेल्या लोकांत मराठी माणसेही आहेत. सनदच्या शेजारी ईसा टाउन आहे. तेथील मोठ्या भारतीय शाळेत भारताच्या अनेक प्रांतांतील मुले एकत्र शिकतात.

सनदपासून थोड्याच अंतरावर दोन मोठे कारखाने आहेत आणि या दोन्हींचा आपल्या झाकणाशी संबंध आहे. पहिला कारखाना तेल शुद्ध करण्याचा. बहरीनमध्ये १९३२ साली जमिनीखाली खनिज तेल सापडले. आखाताच्या अरबी बाजूला तेल सापडण्याची ती पहिलीच वेळ. पुढे १९३६ साली सित्रा भागात तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. दुसरा कारखाना अॅल्युमिनिअमचा. त्याला 'अल्बा' म्हणतात. तेथे १९७१ साली उत्पादन सुरू झाले. आज तेथे वर्षाला पंधरा लाख टनांहून अधिक अॅल्युमिनिअम तयार होते. मोटारसायकलच्या इंजिनाचे झाकण अॅल्युमिनिअमचे असते आणि त्याचे काम असते तेल सांभाळण्याचे. म्हणजे आपल्या पाठातला धातू आणि तेल हे दोघेही सनदचे शेजारीच म्हणायचे!

आता अशी कल्पना करा, की तुमचे एक काका सनदला राहतात आणि मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे व पार्सले पोचवण्याचे काम करतात. त्या देशात हे काम करणारे पुष्कळ लोक भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथून आलेले असतात. गाडी चालली तरच त्यांची कमाई. गाडी दोन दिवस उभी राहिली, तर गावाकडे पाठवायच्या पैशांत तेवढी तूट येते. अशा माणसाची गाडी पडली, तर त्याला घाई होणारच. ती घाई कुठे नडते, तेच आपल्याला पाहायचे आहे.

गाडी पडते कशी? आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. बहरीनमध्येही पूर्वी तसेच होते. परंतु १९६७ साली तेथे नियम बदलला आणि वाहने उजव्या बाजूने चालू लागली. त्यामुळे तेथल्या चौकातील वाहतूक बेटाला वळसा घालताना वाहने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वळताना मोटारसायकल आतल्या बाजूला कलावी लागते. म्हणजे आपल्याकडे वाहतूक बेटाभोवती ती उजवीकडे कलते, तर बहरीनमध्ये डावीकडे. त्यातच वायव्येकडून येणारा 'शमाल' नावाचा वारा रस्त्याच्या कडेला बारीक वाळू आणून टाकतो. वाळूचे कण चाकाखाली लहान लहान गोळ्यांसारखे घरंगळतात आणि टायरची रस्त्यावरची पकड सुटते. वेग अगदी कमी असला, तरी गाडी डाव्या कुशीवर आडवी होते आणि हातभर घसरत जाते.

अशा वेळी रस्त्याला सर्वांत आधी काय घासते? पाय ठेवायचा आडवा दांडा, गिअरचा खटका आणि इंजिनाचे फुगीर झाकण. गिअरचा खटका डाव्या बाजूला असतो. पडताना तो आत वाकतो आणि त्याचे टोक झाकणावर छिन्नीसारखे आदळते. म्हणून कित्येकदा झाकणावर बाहेरून नुसते चरे दिसतात. पण खटक्यामागे पाहिले, तर बारीकसा तडा गेलेला असतो.

पडल्यावर पहिले काम गाडी उचलण्याचे नव्हे. आधी स्वतःकडे पाहावे. हात, पाय, मान, डोके नीट आहे ना याची खात्री करावी. चक्कर येत असेल किंवा मान दुखत असेल, तर उठण्याची घाई करू नये. मदत येऊ द्यावी. सर्व ठीक असेल, तर इंजिन बंद करावे आणि मागून येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवून रस्त्याच्या कडेला यावे. मग कोणाची तरी मदत घेऊन गाडी उभी करावी आणि कडेला न्यावी. अपघाताची नोंद त्या देशाच्या नियमाप्रमाणे करावी. त्यानंतर गाडी जेथे पडली होती, त्या जागेकडे पाहावे. तेथे काळपट, चकचकीत डाग आहे का? असेल, तर झाकण फुटले असण्याचा तो पुरावा समजावा. अशा गाडीचे इंजिन सुरू करू नये. गाडी ढकलत न्यावी, नाहीतर दुसऱ्या वाहनात चढवून न्यावी.

"एवढ्याशा तड्याने काय होते? घरापर्यंत तर जाऊ," असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण तसे करणे धोक्याचे का, ते समजून घेऊ. लहान मोटारसायकलच्या इंजिनात साधारण एक लिटर वंगण तेल असते. पाण्याच्या एका बाटलीएवढे! एवढ्याशा तेलाच्या जोरावर इंजिनातील दट्ट्या, दंतचक्रे आणि फिरते दांडे मिनिटाला हजारो फेरे फिरत असतात. धातू धातूला प्रत्यक्ष टेकत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. तेल कमी झाले, की हा थर तुटतो. धातूवर धातू घासतो, तापतो, फुगतो आणि एका क्षणी जागीच अडकून बसतो. मेकॅनिक म्हणतात, "इंजिन जाम झाले." मग झाकणाची दुरुस्ती राहते बाजूला आणि सगळे इंजिनच उघडावे लागते. दुसरा धोका याहून मोठा. गळणारे तेल वाऱ्याने मागे जाऊन मागच्या टायरवर उडते. तेल लागलेले टायर पुढच्याच वळणावर गाडी पुन्हा पाडते. त्या वेळी वेग कमी असेलच, असे कोणी सांगावे?

आता झाकणाच्या धातूकडे वळू. लोखंड सोडून अॅल्युमिनिअम का वापरतात? एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन सुमारे ७.९ ग्रॅम असते, तर तेवढ्याच अॅल्युमिनिअमचे २.७ ग्रॅम. म्हणजे अॅल्युमिनिअम जवळजवळ तिपटीने हलके. ते उष्णता लवकर बाहेर टाकते. ते सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साच्यात ओतणेही सोपे जाते. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे आणि पुण्याजवळ चाकण येथे दुचाकींसाठी असे ओतीव भाग तयार करणारे कारखाने आहेत.

पण या ओतीव धातूचा एक स्वभाव आहे. पोलादी पत्र्यावर घाव बसला, तर तो वाकतो, त्याला पोचा पडतो. ओतीव अॅल्युमिनिअम फारसे वाकत नाही, ते तडकते. म्हणून पोचा आलेले पातेले ठोकून सरळ करतात, तसे हे झाकण हातोडीने ठोकून सरळ करू नये. ठोकले, तर एका तड्याचे दोन तडे होतात.

तडा नेमका कुठवर गेला आहे, हे कसे ओळखावे? त्यासाठी एक जुनी आणि सोपी युक्ती आहे. फार पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीच्या आसांमधील भेगा याच रीतीने शोधत असत. इंजिन पूर्ण थंड झाले, की झाकण आधी स्वच्छ पुसावे. मग त्यावर रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे. रॉकेल पातळ असल्यामुळे बारीकशा भेगेतही शिरते. नंतर कोरड्या फडक्याने झाकण पुसून काढावे आणि त्यावर खडूची भुकटी पसरावी. भेगेत लपलेले रॉकेल भुकटी शोषून घेते. पांढऱ्या भुकटीवर काळपट ओली रेघ उमटते. हीच ती भेग! दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशीच भुकटी रॉकेल ओढते. विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण शिकलात ना? तेच येथे मदतीला येते. मात्र रॉकेल ज्वालाग्राही असते. म्हणून जवळ विस्तव नसावा आणि हे काम मोठ्या माणसांनीच करावे.

यानंतर झाकण काढायचे. प्रथम तेल एका पसरट भांड्यात काढून घ्यावे आणि बॅटरीची तार सोडवावी. आता बोल्ट. चांगला मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतो. त्यावर झाकणाचा आकार काढतो आणि जेथे जेथे बोल्ट आहे तेथे तेथे भोक पाडतो. झाकणाचा जो बोल्ट निघेल, तो पुठ्ठ्यावरच्या त्याच जागी खोचून ठेवतो. असे का? कारण सगळे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर तो तळाला टेकतो आणि इंजिनाची मूळ पेटीच फुटू शकते. आखूड बोल्ट खोल भोकात गेला, तर त्याला दोनचारच आटे मिळतात आणि आवळताना ते आटे उपटून येतात. पाच मिनिटांचा पुठ्ठा पाच दिवसांचा मनस्ताप वाचवतो.

बोल्ट एकदम पूर्ण काढू नयेत. एक या बाजूचा, एक समोरच्या बाजूचा, असे आळीपाळीने थोडे थोडे सैल करावेत. म्हणजे झाकणावर एकीकडेच ताण पडत नाही. डाव्या झाकणाच्या आत वीज निर्माण करणारे चुंबकाचे चाक असते. ते झाकणाला जोराने आत ओढते. त्यामुळे झाकण काढताना बोटे मध्ये सापडणार नाहीत, याची काळजी घ्यावी. आतून आलेल्या बारीक तारा ओढून तोडू नयेत. झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये कागदासारखा पातळ थर दिसेल. त्याला गॅस्केट म्हणतात. तेल झिरपू न देणे हे त्याचे काम. जुने गॅस्केट लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरला, तर मऊ अॅल्युमिनिअमवर चर पडतो आणि पुढे त्याच चरातून तेल गळते. झाकणाचा तुटलेला कपचा इंजिनात पडला असेल, तर तो शोधून काढलाच पाहिजे. सगळे कपचे तड्याशी जुळवून पाहावेत. एखादा कमी पडत असेल, तर तो आतच आहे, असे समजावे.

आता निर्णयाची वेळ आली. नुकसान तीन प्रकारचे असू शकते. पहिल्या प्रकारात नुसते चरे असतात. खडूच्या भुकटीवर रेघ उमटत नाही. अशा झाकणाला बारीक पॉलिश पेपर मारून उष्णता सोसणारा रंग दिला, की काम झाले. दुसऱ्या प्रकारात लहान तडा किंवा बारीक भोक असते. हे दुरुस्त होऊ शकते. तिसऱ्या प्रकारात बोल्टाच्या भोकाभोवतीचा भाग तुटलेला असतो, किंवा आतील दांड्याला आधार देणारी जागा हललेली असते, किंवा झाकण वेडेवाकडे झालेले असते. अशा वेळी झाकण बदलणे हेच शहाणपणाचे.

लहान तडा बुजवण्याचे दोन मार्ग आहेत. एक धातूची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा. हे दोन भागांत मिळते. दोन्ही भाग सारखे मिसळले, की ते काही वेळाने दगडासारखे घट्ट होते. मात्र वापरण्यापूर्वी ते किती उष्णता सोसते, हे वेष्टनावर वाचून पाहावे. इंजिनातील तेल शंभर अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि बहरीनच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या पुढे असते. लावण्यापूर्वी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे. तडा टोकाशी अणकुचीदार असतो, म्हणून सगळा ताण तेथे एकवटतो आणि तडा पुढे पुढे सरकतो. गोल भोकात ताण वाटला जातो आणि तडा तेथेच थांबतो. मग तडा किंचित रुंद करून, तेलाचा अंशही राहणार नाही असा धुऊन, इपॉक्सी आतून व बाहेरून भरावे. ते पूर्ण सुकेपर्यंत थांबणे हाच दुरुस्तीचा सर्वांत अवघड भाग. कारण येथेच माणूस घाई करतो!

दुसरा मार्ग वेल्डिंगचा. अॅल्युमिनिअमचे वेल्डिंग हे कसबी कारागिराचे काम आहे. या धातूच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे एक अगदी पातळ थर तयार होतो. धातू ६६० अंशांना वितळतो. पण हा थर वितळायला २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी होतो, तरी वरची साय जशीच्या तशी! म्हणून टिग वेल्डिंगमध्ये उलटसुलट वाहणारी वीज वापरतात. ती ही साय फोडते आणि आर्गॉन वायू वितळलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवतो. ओतीव धातूच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. ते नीट काढले नाही, तर वेल्डिंगमध्ये फुगे येतात. मात्र ते काढण्यासाठी क्लोरीन असलेले द्रावक कधीही वापरू नये. त्यावर वेल्डिंगची उष्णता पडली, की विषारी वायू तयार होतो. वेल्डिंग नेहमी झाकण गाडीवरून काढूनच करावे.

वेल्डिंगच्या उष्णतेने झाकणाची कड किंचित वाकते. डोळ्यांना ती सरळच दिसते. ती तपासण्यासाठी जाड, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरतात आणि त्यावर झाकणाची कड इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हलक्या हाताने फिरवतात. जेथे घासल्याची चमक येते, तो भाग उंच. जेथे येत नाही, तो खोल. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत हे काम चिकाटीने करावे लागते.

आता झाकण परत बसवायचे. गॅस्केट नवे घ्यावे. जुन्याला कितीही चांगले म्हटले, तरी ते एकदा दबलेले असते. पुठ्ठ्यावरचे बोल्ट आपापल्या जागी हाताने फिरवून लावावेत आणि मगच पाना धरावा. पुन्हा तीच आळीपाळी: एक या बाजूचा, एक समोरचा. किती आवळावे? अशा सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टांना साधारण दहा न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले, तर जेवढा पीळ बसेल, तेवढाच हा जोर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. "आणखी थोडे आवळतो, म्हणजे पक्के बसेल," असे म्हणणारा माणूस आटे उपटून ठेवतो. शिवाय इंजिन थंड असतानाच बोल्ट आवळावेत. कारण तापल्यावर अॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि गरम इंजिनावर घेतलेले माप खोटे ठरते.

मोजून नवे तेल भरल्यावर इंजिन सुरू करावे आणि काही मिनिटे नुसते चालू ठेवावे. झाकणाखाली पांढरा कागद पसरावा. कागदावर थेंब पडला नाही, तर जवळच एक लहानशी फेरी मारून यावी. इंजिन थंड झाल्यावर तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुन्हा तपासावा. कागद कोरा असेल, तरच दुरुस्ती झाली असे म्हणावे.

काम संपले, असे वाटते ना? पण भांड्यात काढलेले जुने तेल अजून तसेच आहे! ते गटारात ओतले, तर कुठे जाईल? सनदचे उदाहरण घेऊ. गावाला लागून तुबलीचा उपसागर आहे. त्याच्या काठावर 'रास सनद' नावाची जागा आहे. तेथे खाऱ्या चिखलात तिवरांची झाडे वाढतात. आपल्या कोकणात आणि ठाण्याच्या खाडीत जी तिवरे दिसतात, त्यांच्याच जातीची ही झाडे. वाळवंटी बहरीनमधली ही दुर्मिळ हिरवी पट्टी मासे, कोळंबी आणि दूरदेशांहून येणारे पक्षी यांना आश्रय देते. १९९७ साली तुबलीच्या उपसागराची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. आपली ठाण्याची खाडी याच यादीत २०२२ साली आली. तिवरांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि बारीक छिद्रांतून श्वास घेतात. तेलाचा तवंग त्यांवर बसला, तर ही छिद्रे बुजतात आणि झाड गुदमरते. म्हणून जुने तेल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडे किंवा केंद्राकडे द्यावे. इंजिनासाठी जे अमृत, तेच खाडीसाठी विष ठरते.

आणि बदललेले जुने झाकण? तेही कचऱ्यात टाकू नये. बॉक्साइट या खनिजापासून अॅल्युमिनिअम मिळवतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि चंदगड भागात हे खनिज सापडते. बहरीनमध्ये बॉक्साइट नाही. तेथे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी जहाजांनी आणतात आणि नैसर्गिक वायूवर वीज निर्माण करून तिच्यातून धातू वेगळा करतात. असे एक किलो अॅल्युमिनिअम मिळवायला सुमारे चौदा युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर दहा वॅटचा एक दिवा रोज पाच तास लावला, तर तो नऊ महिने जळेल! पण जुने अॅल्युमिनिअम वितळवून पुन्हा वापरायला याच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते. म्हणून फुटलेले झाकण भंगारवाल्याकडे जाणे, हा त्याचा शेवट नसून नव्या जन्माची सुरुवात आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे मोटारसायकल चालवण्याचे वय अजून व्हायचे आहे. पण पुढे कोणतीही वस्तू दुरुस्त करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तडा दिसेनासा करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. रंगाखाली झाकलेला तडा मालकाला दिसत नाही. पण तेलाला वाट मात्र मिळतेच. झाकणाचे काम तेल सांभाळण्याचे आहे. ते काम त्याला पुन्हा करता आले, तरच ते दुरुस्त झाले. आणि जे दुरुस्त होण्यासारखे नाही, त्याला "हे आता बदला," असे स्पष्ट सांगणे हाही कारागिराच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे. त्याच्या त्या एका शब्दावर विश्वास ठेवून कोणीतरी पुढच्या वळणावर गाडी कलवणार असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तडा गेलेल्या झाकणाची गाडी सुरू करून घरी नेणे धोक्याचे का आहे?
(आ) मेकॅनिक काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर का खोचून ठेवतो?
(इ) तड्याच्या टोकांना भोक पाडल्याने काय साधते?

२. कारणे द्या.
(अ) बहरीनमधील वाहतूक बेटाला वळसा घालताना मोटारसायकल डावीकडे कलते.
(आ) इंजिनातून काढलेले जुने तेल गटारात ओतू नये.

३. 'तडा दिसेनासा करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथे जुने तेल आणि जुने सुटे भाग यांचे काय करतात, ते विचारा व त्याविषयी दहा ओळी लिहा.